घास अडकतो तेव्हा : आधी औषध की आधी शस्त्रक्रिया?

आधी भाकरीचा घास अडकतो, मग भाताचा, आणि रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा पातळ पेजही नीट उतरत नसते. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांची पहिली विनंती असते, ‘डॉक्टर, गाठ लगेच काढून टाका.’ त्यावर आधी केमोथेरपी वा किरणोपचार घ्यायला सांगितले, तर डॉक्टर वेळ काढत आहेत अशी शंका येते. ही शंका अनाठायी आहे.

२०१२ मध्ये नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ३६६ रुग्णांचे दोन गट होते. एका गटावर थेट शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला आधी पाच आठवडे केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र दिले गेले. पहिल्या गटातील निम्मे रुग्ण सुमारे २४ महिन्यांहून अधिक जगले, दुसऱ्यातील निम्मे सुमारे ४९ महिन्यांहून अधिक. गाठ समूळ निघण्याचे प्रमाण ६९ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले.

मग सर्वांना हाच उपचार द्यावा का? नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन : ॲडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस. जर्मनीतील ‘एसोपेक’ चाचणीत ॲडिनोकार्सिनोमाच्या ४३८ रुग्णांमध्ये ‘क्रॉस’ पद्धतीची तुलना शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर दिलेल्या चार औषधांच्या केमोथेरपीशी झाली. केमोथेरपीच्या गटात हा मध्यबिंदू ६६ महिने होता, ‘क्रॉस’ गटात ३७.

मात्र भारतात स्क्वॅमस प्रकार अधिक आढळतो. तंबाखू आणि दारू ही त्याची प्रमुख कारणे. त्यामुळे जर्मनीचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. स्क्वॅमसच्या ६०१ रुग्णांवर जपानमध्ये चाचणी झाली. शस्त्रक्रियेआधी दोन औषधे घेतलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. दोन औषधांसोबत किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ६८ टक्के होते, तर तीन औषधे घेतलेल्यांत ७२ टक्के. पण तीन औषधांचा मारा कडक असतो. उपासमारीने खंगलेल्या रुग्णाला तो झेपेल का, हे आधी पाहावेच लागते.

आजार अगदी सुरुवातीचा असेल तर हिशेब आणखी बदलतो. फ्रान्समध्ये पहिल्या व दुसऱ्या टप्प्यातील १९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आधीच्या केमोथेरपी-किरणोपचाराने आयुष्य वाढले नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण ३.४ वरून ११.१ टक्क्यांवर गेले. केवळ आतल्या अस्तरापुरती मर्यादित गाठ तर दुर्बिणीतूनही काढता येते.

म्हणजे ‘सर्वांत चांगला उपचार कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कर्करोग कोणत्या प्रकारचा, कोणत्या टप्प्याचा आणि रुग्णाच्या अंगात ताकद किती, यावर उत्तर ठरते. म्हणूनच सुरी हाती घेण्याआधी शल्यचिकित्सक, केमोथेरपीतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञांनी एकत्र बसून निर्णय घेतला पाहिजे. नातेवाइकांनीही बायोप्सीत कोणता प्रकार आला, टप्पा कोणता आणि आधी उपचार का किंवा का नाही, हे विचारायला संकोचू नये. वाट पाहण्याच्या काळात पोषण सांभाळणे, गरज पडल्यास नळीने अन्न देणे आणि तंबाखू बंद करणे हाही उपचाराचाच भाग आहे.

एक जबाबदारी मात्र व्यवस्थेची आहे. किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, सलग पाच आठवडे चालतात. तालुक्याच्या गावाहून आलेल्या मजुराने तेवढे दिवस शहरात कुठे राहायचे? उपचार मोफत झाला तरी निवारा आणि जेवण नसेल, तर तो अर्ध्यावरच सुटतो. योग्य उपचार कोणता हे विज्ञान सांगेल. तो पूर्ण होईल याची सोय मात्र शासनालाच करावी लागेल.