आशाताईने नर्स का होऊ नये?



२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. अशा वेळी गावात दार ठोठवायचे कोणाचे? उपकेंद्रातली नर्स पाच हजार वस्तीला एक. हाकेच्या अंतरावर असते ती आशाताई, हजार वस्तीला एक.

ही योजना २००५ सालची. आशा म्हणजे आपल्याच घरची सून. बाळंतिणीला दवाखान्यात नेते, ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळाचे वजन-ताप पाहते, आणि उरल्या वेळात वेचणीलाही जाते. तरी सरकारदरबारी ती 'स्वयंसेविका'. काम कामगाराचे, हातात मानधन.

तिने नर्स व्हायचे ठरवले तर? एएनएमला बारावी लागते. ती १७ नंबरचा फॉर्म भरून काम सांभाळून होईल. पुढची दोन वर्षे मात्र पूर्ण वेळेची. रुग्णालयात ड्युटी केल्याशिवाय हे शिक्षण होत नाही. 'घरबसल्या सहा महिन्यांत नर्स' असे कोणी सांगितले तर एक रुपयाही देऊ नका. परिचर्या परिषदेची मान्यता नसलेल्या कागदावर नोंदणी मिळत नाही.

त्यात वयाची मेख. आशा नेमायची ती २५ ते ४५ वयाची, संसाराला लागलेली. एएनएमचे दार मात्र पस्तिशीला बंद!

आता हिशेब मांडा. दोन वर्षांचे मानधन बुडणार, मजुरी बुडणार, फी वेगळी. कापूस-ज्वारीचा उत्पादनखर्चही निघत नाही त्या घराने हा खर्च कोठून काढायचा? शेतमालाचा भाव पडतो तेव्हा पोरीसुनांचे शिक्षण आधी मोडते.

आम्ही भीक मागत नाही. माजी सैनिकाची सेवा वयातून वजा होते, तशी आशाची व्हावी. शिकताना मानधनाइतके विद्यावेतन मिळावे. गावात राबून तिने ते आधीच कमावले आहे.

पण सगळे बोट सरकारकडे दाखवून चालणार नाही. १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बायांनी आपला हिशेब मागितला, तो घरातल्या पुरुषांकडेही मागितला होता. सून शिकायला गेली तर दोन वर्षे चूल आणि गोठा कोण पाहणार, हे नवऱ्याने आणि सासऱ्याने आधी ठरवावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या आशाताईचे वय, शिक्षण आणि तिची इच्छा विचारून या. जमले तर तिलाच घेऊन या. मागणीचे निवेदन त्या यादीवरूनच लिहू.