पडद्याआडचीं अक्षरें

सिंहगडावरील मनोऱ्यामुळें १९७३ पासून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुणें व पिंपरी-चिंचवड भागांत दिसूं लागले. त्या चित्राच्या ६२५ रेषांपैकीं सुमारें ५० रेषा प्रेक्षकांस दिसत नसत. किरण तळाहून पुन्हा माथ्यावर जाई, तेवढा तो अवकाश.

अमेरिकेंत मार्च १९८० पासून अशाच अदृश्य जागेंतील एकविसाव्या रेषेंत बधिर जनांसाठीं संवाद दडवून पाठवूं लागले. एका चित्राबरोबर दोन अक्षरें, म्हणजे सेकंदास सुमारें साठ. घरचें यंत्र तीं उलगडून चित्रावर मांडी. ज्यांस नकोत त्यांस तीं दिसत नसत. मात्र एका अक्षरास सातच बिट, आणि तेंही रोमन लिपीच्या मापानें. काना, मात्रा, जोडाक्षरें यांस तेथें थारा नव्हता.

आपल्याकडे २००२ मध्यें ‘चित्रहार’मधील गीतांचे शब्द चित्रावरच उमटूं लागले, ते मुख्यतः साक्षरतेसाठीं. पुढें २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें संवाद अक्षरांत देण्याची तरतूद केली.

एकत्र कुटुंबांत कानानें मंद झालेले आजोबा इतरांबरोबर हंसत नाहींत. इतर हंसले म्हणजे हंसतात. तेव्हां आवाज वाढविण्यापेक्षां सुज्ञ वाचकांनीं वाहिन्यांस पत्र लिहून मराठी अक्षरें मागावींत, अशी आमची सूचना आहे.