कोलकात्याला कशाला?

"कोलकात्याला कशाला? परिषद आहे का?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी, भावाने, जावयाने, इतकंच काय दूधवाल्यानेही विचारला. बाई घराबाहेर पडायची तर कारण लागतं. लेकीचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, लग्नकार्य, देवदर्शन. आमच्यासारखी चळवळीतली असेल तर मोर्चा, शिबिर, परिषद. वयाच्या बासष्टाव्या वर्षी एक बाई चार मैत्रिणींबरोबर एक शहर नुसतं बघायला निघाली आहे, हे कारण कुणालाच पुरेसं वाटत नाही. घरच्यांचं मला नवल नाही. पण आमच्याच संघटनेतली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "मग तिथल्या गटांच्या भेटी तरी ठरवून घे, म्हणजे जाणं सार्थकी लागेल," तेव्हा मला आधी राग आला आणि मग ओशाळल्यासारखं झालं. दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

मी पाटणा १९८८ साली पाहिलं, म्हणजे स्टेशन, परिषदेची जागा आणि परत स्टेशन. १९९० मध्ये कालिकतला गेले. तिथे समुद्र आहे हे परतीच्या गाडीत कुणीतरी बोललं तेव्हा ध्यानात आलं. रात्र रात्र ठरावांच्या मसुद्यांवर भांडलो, गाणी म्हटली, सतरंजीवर झोपलो. त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. पण शहर म्हणून काही पाहिलं नाही ते नाहीच. २००६ साली स्वायत्त स्त्री-चळवळींची राष्ट्रीय परिषद कोलकात्यात झाली, तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. घरातल्या दुसऱ्या कुणाला रजा मिळण्यासारखी नव्हती. मी गेले नाही. तेव्हापासून कोलकाता माझ्या डोक्यात बसलेलं आहे.

आपण कामाच्या हक्काबद्दल बोललो, मालमत्तेच्या, स्वतःच्या देहावरच्या हक्काबद्दल बोललो. भटकण्याचा हक्क मात्र आपल्यालाही चोचल्यासारखा वाटत आला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या बायकांवरचं पुस्तक २०११ साली लिहिलं. कामाशिवाय रस्त्यावर रेंगाळणं हाही बाईचा हक्क आहे, ही त्यातली मांडणी मी भाषणांत चार ठिकाणी वापरली. स्वतः मात्र कधी कुठे रेंगाळले नाही.

तर आम्ही पाचजणी. मी, एक निवृत्त परिचारिका, एक शिक्षिका, सांगलीची एक मैत्रीण आणि घरकामगार संघटनेतल्या एक ताई. दोन वर्षं भिशी लावून पैसे साठवले. सुरुवातीला चौकशीला एका यात्रा कंपनीत गेलो. टेबलामागच्या मुलाने आधी विचारलं, "बरोबर जेंट्स कोण?" कुणी नाही म्हटल्यावर त्याने आम्हांला ज्येष्ठ महिलांसाठीची खास सहल दाखवली. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट, गंगासागर, एक दुपार व्हिक्टोरिया मेमोरियल आणि एक दुपार साडीखरेदी. देवी चालते, राणी चालते. साधी हाडामांसाची बाई त्या यादीत कुठेच नव्हती.

खरं तर होती, पण तिचं नाव गाळलेलं होतं. दक्षिणेश्वरचं देऊळ १८५५ साली बांधून पूर्ण केलं ते राणी रासमणीने. विधवा बाई, आणि ब्राह्मणांच्या लेखी शूद्र, म्हणून तिच्या देवळात पूजेला उभं राहायला ब्राह्मण तयार होईनात. कंपनीच्या पत्रकात रामकृष्ण परमहंसांचा फोटो आहे, राणीचा उल्लेखही नाही. आम्ही पत्रक परत दिलं आणि यादी स्वतः करायला बसलो.

या यादीची सुरुवात आनंदीबाई जोशीपासून झाली. आपल्याकडे ती कल्याणची, पुण्याची, फार तर अमेरिकेची. पण ती अमेरिकेला निघाली ती कोलकात्याहून. गोपाळरावांची पोस्टातली बदली आधी कोलकात्याला आणि मग श्रीरामपूरला झाली (आपल्या नगरकडचं नव्हे, हुगळीकाठचं). २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात ती इंग्रजीत बोलली. आपण अमेरिकेला का जातो आहोत हे तिने एकेक आक्षेप घेऊन सांगितलं. रस्त्याने चालताना लोक कसे हसतात, टोमणे मारतात, खडे मारतात तेही सांगितलं. वय अठरालाही थोडं कमी. एप्रिलमध्ये ती नवऱ्याशिवाय बोटीत बसली. ही कथा सांगताना आपल्याला गहिवरून येतं, पण तिला शिकवताना गोपाळराव मारतही असत आणि जायचं की नाही हेही बरंचसं त्यांनीच ठरवलेलं, हे विसरून चालत नाही. तरी सभागृहात उभं राहून बोलली ती तीच. हावड्याहून लोकलने श्रीरामपूरला जाऊन ते कॉलेज बघायचं आहे. त्याच श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. शिक्षिका मैत्रीण त्यासाठी येणार, मी आनंदीसाठी.

तारखा लावत बसलो तर १८८३ हे एकच साल पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं. त्याच वर्षी बेथ्यून कॉलेजच्या कादंबिनी बसू (पुढे गांगुली) आणि चंद्रमुखी बसू या दोघी पदवीधर झाल्या. बेथ्यूनची शाळा १८४९ची, म्हणजे भिडेवाड्यातल्या सावित्रीबाईंच्या शाळेनंतर एका वर्षाने निघालेली. कादंबिनी पुढे डॉक्टर झाली, १८८६ साली, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेत एम. डी. झाली त्याच वर्षी. आनंदीबाई वर्षभरात गेली. कादंबिनीने मुलंबाळं सांभाळून १९२३ पर्यंत डॉक्टरकी केली. तिच्याबद्दल आपल्याकडे किती जणींना माहीत आहे?

आणि त्याच १८८३ मध्ये स्टार थिएटर उभं राहिलं. नटी बिनोदिनी दासी तेव्हा वीस वर्षांची. पैसे घालणाऱ्या धनिकाची अट होती की तिने त्याच्याकडे राहावं. सहकाऱ्यांनी गळ घातली, नाट्यगृहाला तुझं नाव देऊ असं वचन दिलं. ती गेली. नोंदणी करून मंडळी परत आली तेव्हा नाव होतं 'स्टार'. तीन वर्षांनी तिने रंगभूमी सोडली ती कायमची. मुलीला शाळेत घालायला गेली तर घेतली नाही, कारण आई कोण ते सगळ्यांना माहीत. हे सगळं तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. डिसेंबर २०२४ अखेर राज्य सरकारने स्टारला बिनोदिनीचं नाव देत असल्याचं जाहीर केलं. एकशे एकेचाळीस वर्षांनी.

मूळ स्टार आता नाही. त्याचीच १८८८ साली बांधलेली पुढची वास्तू आणि बेथ्यून कॉलेज दोन्ही बिधान सरणीवर आहेत. एका सकाळी तो रस्ता आम्ही पायी चालणार. चालताना आणखी एक गोष्ट आठवणीत ठेवायची आहे. १८९१ साली 'बंगबासी' या पत्राने डॉक्टर कादंबिनीला सरळ वेश्या म्हटलं. तिने खटला भरला, जिंकला आणि संपादक तुरुंगात गेला. शिकणारी काय आणि नाटकात काम करणारी काय, दोघींसाठी शिवी एकच होती.

बाकीची यादी भराभर झाली. बेगम रुकैय्यांनी १९११ साली आठ मुली घेऊन सुरू केलेली सखावत मेमोरियल शाळा. जोडासांकोचा ठाकूरवाडा, तोही ज्ञानदानंदिनीदेवींसाठी. मुंबईत राहून पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत पाहून त्यांनी बंगाली बायकांना बाहेर पडण्याजोगं नेसणं दिलं. कुमारटुलीत मूर्ती घडवणाऱ्या चायना पाल आणि माला पाल यांच्यासारख्या बायकांचं काम.

खरा वाद झाला सोनागाछीवरून. दुर्गेच्या मूर्तीसाठी वेश्येच्या दारची माती लागते, ही प्रथा वाचून आमच्यातली एक म्हणाली की तिथेही जाऊन यावं. सांगलीची मैत्रीण भडकली. ती वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांबरोबर वावरलेली. "आमच्या गोकुळनगरात अशा अभ्यासू बायका येतात, तोंडावर पदर धरून बघून जातात. आम्ही काय प्रदर्शन आहे?" तिचं म्हणणं मला पटलं. सोनागाछीतल्या बायकांची दरबार महिला समन्वय समिती १९९५ पासून आहे. त्यांची स्वतःची सहकारी पतसंस्था आहे, आणि २०१३ मध्ये न्यायालयात जाऊन त्यांनी आपली दुर्गापूजा बसवली. दारची माती चालते आणि मंडप चालत नाही, या दुटप्पीपणाला त्यांनी दिलेलं ते उत्तर. त्यांना पत्र लिहायचं आणि बोलावलं तरच जायचं, असं ठरलं. वस्तीतून नुसता फेरफटका मारायचा नाही. माझा भटकण्याचा हक्क दुसरीच्या उंबऱ्यावर संपतो, हे मला इथे शिकावं लागलं.

मग आली सुरक्षितता. "कोलकाता? त्या डॉक्टर मुलीचं ऐकलं नाहीस का?" ऐकलं. ९ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. परिचारिका मैत्रिणीने चौतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. ती बातमी तिने दोनदा वाचली आणि दिवसभर बोलली नाही. पण १४ ऑगस्टच्या मध्यरात्री कोलकात्याच्या बायका 'रात दखल करा' म्हणत रस्त्यावर उतरल्या, तेही तिने पाहिलं. नंतर राज्य सरकारने 'रात्तिरेर साथी' नावाच्या सूचना काढल्या. त्यात शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नये असंही होतं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संरक्षण देणं सरकारचं काम आहे, बायकांना रात्री काम करू नका असं म्हणता येणार नाही. आमच्या घरच्यांचं बोलणं त्याहून वेगळं कुठे आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या स्वारगेटला उभ्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार आली, तेव्हा पुणे सोडून जा असं आम्हांला कुणी म्हटलं नाही. धोका नाही असं मी म्हणत नाही. पण तो मोजताना बाईचं घराबाहेरचं पाऊलच का मोजलं जातं? घरातल्या धोक्याचे आकडे तर आपण गेली चाळीस वर्षं मांडतो आहोत.

त्या रात्री बायका जमल्या त्यातली एक जागा म्हणजे अकादमी ऑफ फाइन आर्ट्सचा परिसर. तिथे नाटकं होतात. एक बंगाली नाटक बघायचं, कळेल तेवढं कळेल, आणि रात्री पाचजणींनी चालत यायचं, असं ठरलं आहे. जावयांना हे सांगितलेलं नाही.

हिशेबाचं मात्र सांगायलाच हवं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हा बायका कशा बाहेर पडायला लागल्या ते आपण पाहिलं. माहेरी, बाजारात, जेजुरीला. रेल्वेत उलटं झालं. अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना निम्म्या भाड्याची सवलत होती. कोरोनाच्या नावाखाली मार्च २०२० मध्ये ती काढून घेतली. आम्ही खिडकीवर गेलो तेव्हा पूर्ण भाडं मोजलं. आझाद हिंद एक्सप्रेस, पुणे ते हावडा, जवळजवळ दीड दिवस. स्लीपरमध्ये बायकांसाठी सहा बर्थचा कोटा असतो, हे तरी ध्यानात ठेवा; खिडकीवर आपणहून कुणी सांगत नाही. राहायच्या जागेसाठी फोन केले तर एका लॉजवाल्याने "फक्त लेडीज? मग बघावं लागेल" म्हणून फोन ठेवला. मुतारीची सोय कुठे कुठे आहे याची यादी आम्ही देवळांच्या यादीइतक्याच गांभीर्याने करतो आहोत. मधुमेह असलेल्या दोघी आहेत. मुंबईतल्या 'राइट टू पी'वाल्यांनी हा विषय लाज सोडून बोलायला शिकवलं त्याबद्दल त्यांचे आभार.

तिकिटं निघाली, पण एकीचं अडलं आहे. घरकामगार ताईंची चार घरं. नऊ दिवसांची रजा मागितली तर तीन घरांनी पगार कापायचं कबूल करून रजा दिली (उपकार केल्यासारखी), चौथ्या घराने दुसरी बाई बघते म्हटलं. ते चौथं घर आमच्याच एका हितचिंतक बाईंचं आहे. त्या हे मासिक वाचतात. त्या स्वतः मागच्या वर्षी मुलाकडे तीन महिने राहून आल्या, तेव्हा ताईंनी त्यांच्या झाडांना रोज पाणी घातलं होतं. मी त्यांना भेटायला जाणार आहे. ताई म्हणतात, "राहू द्या, तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा." त्यांचं तिकीट मी रद्द केलेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी कोलकात्यात राहिल्या असाल, तर बिधान सरणीच्या आसपास बायकांना विनाप्रश्न खोली देणारी, स्वच्छ संडासाची आणि परवडणारी जागा कुठली ते संपादकांच्या पत्त्यावर कळवा. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो आहोत. पाचजणींसाठी जागा हवी.