बोट लागूं नये म्हणून

जालन्याच्या माणसास समुद्र पाहावयाचा म्हणजे पूर्वीं एक मोठी मोहीमच असे. आमच्या जिल्ह्यांतलें पाणी म्हणजे कुंडलिका, मोती तलाव, घाणेवाडीचा तलाव आणि दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी. समुद्राची लाट पायांखालीं कशी वाटते हें येथें घरबसल्या कळण्यासारखें नाहीं. आतां मात्र काळ पालटला आहे. नागपूर–मुंबई समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं शेवटच्या टप्प्यासह खुला झाला, आणि त्याची वाट जालन्यावरूनच जात असल्यामुळें सकाळीं घरून निघालेलें कुटुंब संध्याकाळच्या आंत मुंबईच्या धक्क्यावर उभें राहूं शकतें. तेथून घारापुरी, मांडवा. सवड अधिक असली तर राजपुरीहून जंजिरा, मालवणहून सिंधुदुर्ग, असे बेत दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटींत घरोघरीं होऊं लागले आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु या बेतांत तिकिटें, खोल्या, फराळाचे डबे या सर्वांचा विचार होतो, आणि बोटींत पाऊल ठेवल्यावर थोड्याच वेळांत ज्यामुळें सगळ्या आनंदाचा विरस होतो, त्या ‘बोट लागण्या’चा विचार मात्र राहून जातो. म्हणून या महिन्यांत त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या भाषेंत ऊन लागतें, ठेंच लागते, तशीच गाडी लागते आणि बोटहि लागते. बाहेरची वस्तु येऊन माणसास बाधते, असा या ‘लागण्या’चा अर्थ, आणि शास्त्रदृष्ट्या तो बराच नेमका आहे. इंग्रजींतला मळमळवाचक ‘नॉशिया’ हा शब्द ग्रीक भाषेंतील जहाजाच्या नांवावरून निघाला, व तें ग्रीक नांव आणि आपला संस्कृत ‘नौ’ शब्द हीं एकाच मुळाचीं आहेत. तात्पर्य, हा विकार नौकेइतकाच जुना आहे.

तो होतो कसा तें पाहूं. आपल्या कानाच्या आंत, पडद्याच्याहि पलीकडे, द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारीं चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या आहेत. डोकें वळलें, वर गेलें, खालीं आलें कीं या द्रवाची व खड्यांची हालचाल होऊन मेंदूस वर्दी जाते. डोळे व अंगाचे स्नायूहि आपापली वर्दी देत असतात. जमिनीवर या सर्वांची साक्ष जुळते. बोटीच्या बंद भागांत बसलेल्या माणसाचे डोळे मात्र सांगतात कीं समोरची भिंत, बांक, शेजारचा प्रवासी हे सर्व स्थिर आहेत. आणि कान सांगतो कीं आपण वर-खालीं होत आहों. साक्षींचा मेळ न बसल्यामुळें मेंदू गोंधळतो. प्रथम जांभया येतात, तोंडास पाणी सुटतें, चेहरा पांढुरका पडतो, थंड घाम येतो, आणि मग मळमळ व वांति होते. ज्यांच्या दोन्ही कानांतील हें यंत्र निकामी झालेलें असतें त्यांस बोट लागत नाहीं. उलट अंध माणसास ती लागूं शकते. यावरून मूळ कारण कानांत आहे हें उघड होतें. ‘पित्त झालें’, ‘सकाळचें खाणें बाधलें’ असें म्हणून पोटास दोष देण्याची जी चाल आहे, ती अर्धीच खरी.

पोटाप्रमाणेंच माणसाच्या धीरासहि उगीच दोष लागतो. इंग्लंडचा विख्यात आरमारी सेनापति नेल्सन यास जन्मभर समुद्र लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ पासून १८३६ पर्यंत ‘बीगल’ जहाजावर होता, आणि त्या पांच वर्षांत ही व्यथा त्याला पुरती सोडून गेली नाहीं. तेव्हां घरांतील एखाद्या सुनेस किंवा मुलास बोट लागली तर तें भित्रेपणाचें लक्षण मानून थट्टा करणें हा निव्वळ अन्याय होय. दोन वर्षांखालील मुलांस हा त्रास क्वचित् होतो. पुढें बारा वर्षांपर्यंत तो अधिक असतो. वय वाढलें कीं कमी होत जातो. पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक, आणि त्यांतहि मासिक पाळीच्या दिवसांत व गरोदरपणीं विशेष. ज्यांस अर्धशिशी आहे त्यांनीं तर आपणांस बोट लागणार असें धरूनच चालावें.

आतां प्रतिबंधाविषयीं. या विकारांत एक तत्त्व ध्यानांत ठेवलें कीं पुष्कळ काम होतें: मळमळ सुरू होण्यापूर्वीं केलेला साधा उपाय हा ती सुरू झाल्यावर केलेल्या मोठ्या उपायापेक्षां गुणकारी असतो. म्हणून तयारी आदल्या रात्रीपासून करावी. रात्रभर मोटारींत अवघडून, पहाटे गगनबावड्याच्या घाटांतलीं वळणें सोसून, मालवणास उतरतांच तोंड धुऊन धक्का गांठावयाचा, ही आपल्याकडील रीति सोडली पाहिजे. झोंप न झालेल्या व घाटानें आधींच बेजार झालेल्या माणसास बोट हटकून लागते. एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं सकाळीं बोटींत बसावें. सकाळच यासाठीं कीं, आपल्या किनाऱ्यावर दुपार चढूं लागली म्हणजे समुद्राकडून वारा सुटतो व लाटा उठतात; सकाळीं पाणी बहुधा शांत असतें. पावसाळ्यांत सिंधुदुर्गाच्या व जंजिऱ्याच्या प्रवासी बोटी बंद असतात, आणि जून-जुलैंत यांत्रिक बोटींच्या मासेमारीसहि सरकारी बंदी असते. त्या दिवसांत ओळखीच्या नाखव्यास गळ घालून समुद्रांत जाण्याचा हट्ट कोणीहि धरूं नये.

पोट अगदीं रितें नसावें आणि तुडुंबहि नसावें. निघण्यापूर्वीं दीड-दोन तास मऊ मेतकूट-भात, साधी पोळी किंवा ज्वारीची भाकरी दोन घांस कमीच खावी. बटाटेवडा, मिसळ, तळलेल्या पुऱ्या यांस परतीच्या वाटेवर न्याय द्यावा. त्या दिवशीं उपवास आल्यास साबुदाण्याची तुपकट खिचडी टाळून केळें व खजूर यांवर भागवावें; निर्जळी उपवास तर मुळींच करूं नये.

बोट निवडतांना लहानीपेक्षां मोठी बरी, कारण ती कमी डुलते. मांडव्यास जाणारांसाठीं भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून मोटारीसह माणसें नेणारें मोठें जहाज सुरू झालें आहे. ज्यांस त्रास होतो त्यांनीं तें पसंत करावें. बोटींत मध्यभागीं, प्रवासाच्या दिशेकडे तोंड करून, जेथून बाहेरचें पाणी दिसतें व वारा लागतो अशी जागा घ्यावी. नाळेकडची बाजू सर्वांत अधिक उसळते, आणि इंजिनाजवळ डिझेलचा धूर असतो. या दोन्ही जागा टाळाव्या. दृष्टि दूर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावरील डोंगरावर ठेवावी, म्हणजे डोळ्यांची साक्ष कानाच्या साक्षीशीं जुळते. पुस्तक वाचणें, मोबाइलवर मान घालून बसणें, छायाचित्रांसाठीं सारखें इकडे-तिकडे वळणें, हीं सर्व मळमळीस आमंत्रणें होत. डोकें मागें टेकून स्थिर ठेवावें व श्वास संथ घ्यावा. मुलांस गाणीं म्हणावयास लावावें. मन गुंतलें कीं त्रास कमी होतो, हें प्रयोगांतहि दिसून आलें आहे. डॉल्फिन किंवा मासेमारी पाहावयास गेलेल्यांनीं आणखी एक गोष्ट जाणून असावी कीं, चालत्या बोटीपेक्षां यंत्र बंद करून उभी राहिलेली बोट अधिक डोलते. म्हणून अशा सफरींत ‘थोडा वेळ येथेंच थांबूं’ हा आग्रह बेतानें करावा.

घरगुती उपायांत आल्याचा मान पहिला. १९८८ सालीं डेन्मार्कच्या नौदलांतील ८० शिकाऊ खलाशांवर प्रयोग झाला. त्यांत सुंठीची एक ग्रॅम पूड घेतलेल्यांस वांत्या कमी झाल्या. पुढील सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट गुण आढळला नाहीं. तरीहि आलेपाकाची वडी जवळ ठेवण्यांत तोटा कांहींच नाहीं. लिंबू हुंगणें, आवळासुपारी चघळणें यांनीं तोंडास बरें वाटतें. त्यांपासून अधिक अपेक्षा करूं नये. मनगटावर बांधावयाच्या पट्ट्यांचा गुण तर फारसा सिद्ध झालेला नाहीं.

औषधांकडे वळूं. १९४७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं अंगावर पित्त उठतें म्हणून एका गर्भवती बाईस नवें औषध देण्यांत आलें. त्यानें तिला नेहमीं लागणारी ट्रामगाडी लागेनाशी झाली. त्यावरून सैनिकांच्या जहाजावर प्रयोग झाले आणि ‘ड्रामामिन’ प्रसिद्धीस आलें. आपल्याकडे याच जातीची ‘अ‍ॅव्होमिन’ घरोघरीं ठाऊक आहे. ही गोळी निघण्यापूर्वीं एक-दोन तास घ्यावयाची असते. वांति सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटांत राहातच नाहीं. तिनें झोंप येते, म्हणून मोटार चालविणारानें ती घेऊं नये. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, दमा असलेल्या वृद्धांनीं, झोंपेच्या गोळ्या घेणारांनीं, तसेंच गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तिला हात लावूं नये. साध्या वांतीवर दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी पुष्कळ घरांत असते; ती बोट लागण्यास प्रतिबंध करीत नाहीं.

येथें एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत, बोटींत त्रास नको म्हणून आजींनीं मोठ्या मायेनें दीड वर्षाच्या नातवास अर्धी गोळी कुसकरून मधांतून दिली. मूल शांत झोंपलें म्हणून सर्वांस बरें वाटलें. धक्क्यावर पोहोंचल्यावर त्याच्या आईस श्वास मंद वाटला, हांका मारूनहि तें डोळे उघडीना. बेत तेथेंच राहिला व सर्व मंडळी दवाखान्याकडे धांवली. सुदैवानें मूल वांचलें. ‘अ‍ॅव्होमिन’ ज्या जातीची आहे त्या औषधानें दोन वर्षांखालील मुलाचा श्वास अडखळण्याचा धोका असतो, हें घरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसास ठाऊक असलें पाहिजे. त्याहून मोठ्या मुलांसहि मात्रा डॉक्टरांनींच वजन पाहून ठरवावी. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा अंदाजानें देऊं नये. आणि मुळांत तान्ह्या मुलांस बोट क्वचितच लागते हें वर सांगितलेंच आहे.

इतकें करूनहि मळमळ सुरू झालीच तर रुग्णास मध्यभागीं उताणें निजवावें, डोळे मिटावयास सांगावें, मानेभोंवतालचे कपडे सैल करावे. वांतीसाठीं कागदी किंवा प्लास्टिकच्या पिशव्या आधींच हातांशीं असाव्या. कठड्यावरून ओणवें होऊं देऊं नये. गुदमरतें म्हणून पुष्कळ जण अंगांतला तरंगजाकिटाचा बंद सोडतात, तेंहि होऊं देऊं नये. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून प्राणहानि झाली, ती शांत समुद्रावर, भर दिवसां. त्याचप्रमाणें एका माणसास वांति झाली म्हणून सगळ्यांनीं त्या बाजूस लोटूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळांत बुडून सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं; बोट कलतांच प्रवासी एका बाजूस धांवले, असें त्या अपघाताविषयीं सांगतात.

वांतीनंतर चूळ भरवून घोंट-घोंट पाणी द्यावें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेलें पाणी उत्तम. मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माणसाचें अन्न वांतीनें पडलें तर साखर एकदम उतरूं शकते. त्याच्याकडे विशेष लक्ष असावें. जमिनीवर आल्यावर बहुतेकांस कांहीं तासांत बरें वाटतें, जरी पायांखालची भूमि रात्रीपर्यंत डुलल्यासारखी भासते. वांत्या थांबतच नाहींत, लघवी कमी झाली, कानास कमी ऐकूं येऊं लागलें, डोकें असह्य दुखूं लागलें, किंवा वृद्धास घामाबरोबर छातींत दुखलें, तर ‘बोट लागली’ म्हणून स्वस्थ न बसतां तत्काळ डॉक्टर गांठावा. हृदयविकाराचीहि सुरुवात अशीच मळमळीनें होऊं शकते.

शेवटीं घरांतील कर्त्या मंडळींस एक विनंति. ज्या सुनेस किंवा मुलीस मागच्या खेपेस बोट लागली, तिला या खेपेस ‘तूं आपली सामानापाशीं बैस’ असें म्हणून किनाऱ्यावर ठेवण्याची चाल आपल्यांत आहे. हेतु चांगला असेल. पण ज्या सिंधुदुर्गाचा पाया महाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं घातला, तो पाहावयास जालन्याहून इतक्या लांब येऊन तिनें पिशव्या राखाव्या हें बरें नव्हे. मालवणच्या धक्क्यापासून किल्ल्यापर्यंतचें अंतर फार नाहीं. सकाळची वेळ, मधली जागा, हलकें पोट, आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें वेळेवर घेतलेली एक गोळी, एवढ्यावर तीहि सुखानें पलीकडे जाऊं शकते. गोळी प्रथमच घ्यावयाची असेल तर आठवडाभर आधीं सुटीच्या दिवशीं घरीं घेऊन पाहावी, म्हणजे तिनें किती झोंप येते तें कळेल. प्रवासाचे डबे भरतांना ही तयारीहि त्यांतच धरावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.