खलनायकाची फाइल

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. आमच्या ट्रॉम्बेच्या घराच्या गच्चीतून एका बाजूला डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला तिवरे, खाडी आणि वीजकेंद्राच्या चिमण्या. हे दृश्य सोडून नात घरात टीव्हीसमोर बसली होती. मी हातात पेपर धरून शेजारी बसलो होतो. पडद्यावर बॅटमॅन होता. आता ढिशुम ढिशुम सुरू होईल, अशा समजुतीने मी पेपरात डोके घातले. वीस-बावीस मिनिटांनी नातीने विचारले, ‘‘आजोबा, मग ह्यात वाईट कोण होतं?’’

मी पेपर खाली ठेवला. कार्टून संपल्यावर दहा वर्षांच्या मुलीला असा प्रश्न पडावा, हे काही रोजचे नाही. तो भाग तिला पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी नीट पाहिला. त्यानंतर तीन-चार दिवस मला धड झोप लागली नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

तो भाग १९९२ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत दाखवला गेला होता. नाव ‘हार्ट ऑफ आइस’, लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. त्याच्या लेखनाला पुढे एमी पुरस्कारही मिळाला. यातला खलनायक मिस्टर फ्रीझ १९५९ साली कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचे नाव मिस्टर झीरो होते. बर्फाची बंदूक घेऊन हिंडणारा एक किरकोळ चोर, एवढीच त्याची ओळख. डिनींनी या चोराला एक बायको दिली, आणि एवढ्याने सगळे चित्र पालटले.

व्हिक्टर फ्राइस हा एका कंपनीतला शास्त्रज्ञ. बायको नोरा असाध्य आजाराने खंगत चाललेली. उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवायचे, म्हणून तो कंपनीच्या प्रयोगशाळेत धडपडतो आहे. एके दिवशी कंपनीचा मालक फेरिस बॉइल पहारेकरी घेऊन येतो. हा खर्च मंजूर नाही, यंत्रे बंद करा, असा त्याचा हुकूम. फ्राइस विनवतो, मग बंदूक हिसकावून घेतो. बॉइल आधी गोड बोलतो आणि संधी मिळताच लाथ घालून त्याला रसायनांच्या टेबलावर ढकलतो. नोरा हातची जाते. फ्राइसचे शरीर असे होऊन बसते की गोठवणाऱ्या थंडीबाहेर तो जगूच शकत नाही. तेव्हापासून तो शीतकवचात वावरतो आणि बॉइलच्या कंपनीवर दरोडे घालतो. आणि बॉइल? त्याला त्या साली मानवतावादी उद्योगपती म्हणून पुरस्कार मिळायचा असतो.

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे नजर आपोआप बांधणीकडे जाते. या भागातली मारामारी नुसती मारामारी नाही, प्रत्येक झटापट माणसाविषयी काहीतरी सांगून जाते. पहिल्याच चकमकीत फ्रीझचा स्वतःचा एक साथीदार बर्फात सापडतो, त्याचे पाय गोठतात. फ्रीझ त्याला तिथेच टाकून चालू लागतो. बॅटमॅन मात्र त्या शत्रूला उचलून नेतो आणि उबेला ठेवतो. संवाद जवळजवळ नाहीच, पण कोण कसा आहे ते पोराटोरांनाही कळते.

त्या बर्फापायी बॅटमॅनला चक्क सर्दी होते. महानायक शिंकतो आहे, नाक चोंदलेल्या आवाजात बोलतो आहे! त्याचा म्हातारा कारभारी आल्फ्रेड त्याच्या हाती कोंबडीच्या सुपाचा थर्मास देतो. आपण हसतो आणि विसरून जातो. शेवटच्या झुंजीत सगळे उपाय हरल्यावर बॅटमॅन तोच थर्मास फ्रीझच्या काचेच्या टोपावर फोडतो. गरम सूप, थंड काच, टोपाला तडा. ज्याला ऊब सोसत नाही, त्याला घरच्या सुपाची ऊब जेरीला आणते. मध्यावर ठेव म्हणून ठेवलेली गंमत शेवटी व्याजासकट परत मिळते. मी आयुष्यभर बँकेत काढले, तेव्हा उपमा तीच सुचणार.

पण मला खिळवून ठेवले ते त्यानंतरच्या प्रसंगाने. बॅटमॅन बॉइलला वाचवतो. त्याला मरू देत नाही आणि मोकळाही सोडत नाही. प्रयोगशाळेतल्या त्या दिवसाची चित्रफीत तो वार्ताहर बाईंच्या हाती देतो. म्हणजे नायकाने दोन कामे केली: गुन्हेगाराला रोखले, आणि गुन्हेगाराच्या बाजूची साक्षही दिली. अखेर फ्रीझ कोठडीत बसलेला दिसतो. हातात काचेचा गोळा, आत नाचणारी छोटी बाहुली. तो नोराची क्षमा मागत असतो.

कोणी म्हणेल, अशाने गुन्ह्याची भलामण होते, मुले गुन्हेगारालाच डोक्यावर घेतील. मला हे पटत नाही. कारण सांगणे वेगळे आणि माफी देणे वेगळे. फ्रीझने केले ते चूक, हे या भागात कुठेही झाकलेले नाही. तो तुरुंगातच जातो. फक्त तो तिथवर कसा पोचला, याची फाइल उघडी ठेवली आहे.

आणि हे आपल्याला नवीन थोडेच आहे? कौरवांच्या बाजूने लढणाऱ्या कर्णासाठी मराठी घराघरांतून डोळे पुसले गेले. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ साली आले, ते अजून वाचले जाते. कोकणातल्या दशावतारात संकासुर आला की पोरे घाबरतात आणि खुदखुदतातही. दुर्जनालाही चेहरा असतो, हे आपल्या लोकांना पक्के ठाऊक होते. चलत्चित्राची विद्याही आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ करून काड्या नाचवल्या. पुढे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले. हात होते, गोष्टीही होत्या. तरी मुलांसाठी महानायक घडवायची वेळ आली की खलनायकाच्या वाट्याला बहुधा नुसता विकट हास्याचा गडगडाट येतो. १९९७ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘शक्तिमान’मध्ये गंगाधर छान रंगला, पण समोरचा किल्विष म्हणजे मूर्तिमंत अंधार. अंधाराला कसली बायको आणि कसले दुःख? त्या मानाने ‘छोटा भीम’मधला कालिया मला जवळचा वाटतो. तो हावरा आहे, जळतो, चिडतो, पण शेवटी गावातलाच पोरगा आहे.

आता झोप का उडाली, ते सांगतो.

बँकेत असताना काही वर्षे माझ्याकडे कर्जाचे टेबल होते. मानखुर्दच्या बाजूला लेथ मशीन टाकून सुटे भाग करणारा एक गृहस्थ आमचा खातेदार होता. त्याला कर्ज तीन हप्त्यांत मंजूर झाले, दोन दिलेही. तिसऱ्याच्या वेळी मालाचे स्टेटमेंट आले नाही, व्याज थकले. तो येऊन म्हणाला, ‘‘साहेब, मंडळी इस्पितळात आहेत, एक महिना सांभाळून घ्या.’’ त्या सुमारास थकीत कर्जांचे नवे निकष आले होते आणि वरून रोज विचारणा होत होती. मी फाइलवर चार ओळींची टीप लिहिली आणि तिसरा हप्ता थांबवला. नियमाप्रमाणे एक अक्षरही चुकीचे नव्हते. पुढे वसुली लागली, मशीन विकले गेले. एकदा तो शाखेत येऊन आरडाओरडा करून गेला, टेबलावरची काच फोडून गेला. आम्ही पोलीस बोलावले. त्या वर्षीच्या वसुलीबद्दल मला शाबासकीचे पत्र आले. ते अजून कपाटात आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण माझ्या पहिल्या कादंबरीत मी त्याला आणला. कर्जबुडव्या, पानाने रंगलेले दात, खोटे बोलणारा, काच फोडणारा. वाचक खूप हसले. इस्पितळातली बायको मी कादंबरीत घेतलीच नाही. घेतली असती तर प्रसंगातली गंमत गेली असती.

मी कोणाला लाथ घातली नाही, हे खरे. बॉइलशी माझी बरोबरी होणार नाही, अशी मी स्वतःची समजूत काढतो. पण माझ्या टिपेची चित्रफीत कोणी काढली नव्हती. राहिली ती फक्त फाइल, आणि तीही माझ्याच हस्ताक्षरातली. त्या माणसाची बाजू लिहिणारा एकच जण होऊ शकला असता, तो मी. आणि मी विनोद लिहिला.

म्हणून मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओंत मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या तरुण मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे आज साधने आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. नायकाला उडवा, इमारती पाडा, हरकत नाही. पण खलनायकाचा पहिला संवाद लिहिण्याआधी, त्याच्या घरी कोण आजारी आहे, एवढे विचारून घ्या. उत्तर गोष्टीत आले नाही तरी चालेल, लिहिणाऱ्याला ते ठाऊक हवे. आणि आईवडिलांनी कार्टून बंद करण्यापूर्वी एकदा शेजारी बसून पाहावे. त्यातून मुलांच्या तोंडून कोणता प्रश्न निघतो, हीच त्या कार्टूनची परीक्षा.

नातीला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी तिला लेथवाल्याची गोष्ट सांगितली, या वेळी बायकोसकट. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग त्या काकूंचं काय झालं?’’

मला माहीत नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.