वाचकांचे अभिप्राय : मुखवट्याआडचे वीर

‘रहस्यकथा व अचाट वीरांच्या चित्रकथा घरांतील मुलांच्या हातीं द्याव्या कीं नाहीं?’ असा प्रश्न आम्हीं गेल्या अंकांत विचारला होता. या खेपेस सोलापुरांतून आलेलीं पत्रें विशेष विचार करण्याजोगीं आहेत. एकाच घरांतून सासऱ्यांचें एक आणि सुनेचें त्याविरुद्ध दुसरें, अशीं दोन पत्रें आलीं, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

सासरे निवृत्त शिक्षक आहेत. ते लिहितात, कीं बाबूराव अर्नाळकरांनीं सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या खऱ्या, परंतु त्या वाचून कोणी शहाणा झाल्याचें ऐकिवांत नाहीं. दुष्ट धनिकांस लुटणारा ‘काळापहाड’ नायक ठरला, म्हणजे हेतु चांगला असल्यास चोरीहि क्षम्य, हाच धडा मुलाच्या मनावर ठसतो. सूनबाईंचें म्हणणें असें, कीं या सुटसुटीत गोष्टींनींच कित्येक घरांना वाचनाची गोडी लाविली आणि धनंजय-छोटूबरोबर पुरावे जुळवितांना मूल कार्यकारणभाव शिकतें. त्या पुढें लिहितात, ‘मामंजींनींहि तरुणपणीं हीं पुस्तकें एका रात्रींत संपविलीं, असें सासूबाई सांगतात!’

तिसरें पत्र एका वकिलांचें आहे. ली फॉक यांनीं १९३६ सालीं निर्माण केलेला आणि १९६४ सालीं सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नें आपल्याकडे घरोघर पोंचविलेला ‘वेताळ’ हा त्यांच्या बाळपणींचा दैवतच. आज मात्र त्यांना एक गोष्ट खुपते. रानांतील काळ्या लोकांचें रक्षण पिढ्यान् पिढ्या एका गोऱ्या पुरुषानेंच करावें व त्यांनीं त्यास अमर समजून नमावें, हें कशासाठीं? ते विचारतात, ‘मे १९३० मध्यें ज्या सोलापुरानें लष्करी कायदा सोसला, तेथील मुलांनीं हें निमूटपणें गिळावें काय? मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं गेले. त्यांच्या तोंडावर मुखवटा नव्हता.’

हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. परंतु त्यावरून बंदीचा निष्कर्ष निघत नाहीं. अमेरिकेंत १९५४ सालीं डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनीं चित्रकथांमुळें मुलें बिघडतात असें पुस्तक लिहून प्रतिपादिलें. सेनेटच्या समितीनें चौकशी केली आणि प्रकाशकांनीं भिऊन स्वतःवरच कडक नियम लादून घेतले. पुढें वर्थम यांचे कागद अभ्यासकांस खुले झाले, तेव्हां मुलांच्या जबान्यांत त्यांनीं सोयीस्कर फेरफार केल्याचें कॅरोल टिली या विदुषीनें २०१२ सालीं दाखवून दिलें. मुलांच्या काळजीपोटीं सत्याकडेहि काणाडोळा होतो, तो असा.

शिवाय आज हे वीर मोबाइलच्या पडद्यावरून थेट मुलाच्या अंथरुणांत शिरतात. कपाटाला कुलूप लावून काय साधणार? आणि वकीलसाहेबांस तो प्रश्न सुचला, तोहि वेताळ मनापासून वाचल्यामुळेंच. ज्यानें ती गोष्ट वाचलीच नाहीं, तो तींतील खोड काय ओळखणार?

एका आजीबाईंनीं पोस्टकार्डावर चारच ओळी लिहिल्या आहेत : ‘आमच्या मारुतीनेंहि समुद्र ओलांडला. पण त्याला बळाची आठवण जांबवंतानें करून दिली, आणि तें बळ त्यानें दुसऱ्याच्या कामीं लाविलें. तुमच्या वीरांना असें सांगणारें कोणी आहे का?’

त्या वीरांना नसेल; परंतु ते वाचणाऱ्या मुलाला असावें, इतकेंच आमचें म्हणणें. पुस्तक माजघरांत उघडपणें वाचूं द्यावें, मोठ्यांपैकीं कोणी तरी तें स्वतः वाचावें आणि जेवतांना विचारावें : संशय प्रथम गरीब गड्यावरच कां आला? ज्यांना वांचविलें, त्यांना स्वतःचें रक्षण कां करतां आलें नाहीं? याचीं उत्तरें देण्याची घाई मात्र मोठ्यांनीं करूं नये.

पुढील अंकासाठीं प्रश्न : आजच्या मुलांस जुन्या मराठी कादंबऱ्या कोणत्या वयांत द्याव्या? पत्रें थोडक्यांत असावींत.