पेन्शनीनंतरची कादंबरी

'एकदा सेवानिवृत्त झालो की कादंबरीच लिहावयास बसणार,' हे वाक्य सुशिक्षित घरांतून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते कानी पडताच आम्हास कादंबरीची कीव येऊ लागते. वकिली, डॉक्टरी, मामलत ही वर्षानुवर्षे शिकावी लागते. कादंबरी मात्र पेन्शनीच्या कागदांबरोबर आपोआप हाती पडते, असा ह्या मंडळींचा समज दिसतो.

गेल्या हिवाळ्यात दौलताबादचा किल्ला चढताना महसूल खात्यातून निवृत्त झालेले असेच एक गृहस्थ आमच्या सोबत होते. एका यादव राजकन्येवर त्यांनी चारशे पाने लिहून काढली होती, आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून ती छापून घेण्याचा त्यांचा बेत होता. 'नोकरीत सवड कुठली हो?' असे त्यांनी आम्हास विचारले. प्रश्नास जागा मात्र वाईट निवडली. ह्याच देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री राज्याचे दप्तर सांभाळीत असताच 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत होता. ह्याच किल्ल्याची किल्लेदारी जनार्दनस्वामींनी केली, आणि परमार्थासाठी ती संपण्याची वाट पाहिली नाही. एका पैच्या चुकीपायी रात्रभर हिशेब धुंडाळणाऱ्या एकनाथांची गोष्ट तर मराठी मुलांस पाठच असते.

हेमाद्रीच्या हाताशी पंडित होते, असे कोणी म्हणेल, म्हणो बापडा. निवृत्तीनंतर कादंबरी लिहिणाऱ्यांचीच उदाहरणे घेऊ. कर्नल मेडोज टेलर दक्षिणेतील चाकरी संपवून १८६० मध्ये विलायतेस परतला आणि १८६३ मध्ये त्याची 'तारा' ही कादंबरी निघाली. पण ठगाच्या जबानीवरील त्याची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती, आणि 'तारे'तील तुळजापूर त्याने नळदुर्गचा कारभार पाहताना डोळ्यांखाली घातले होते. चिंतामणराव वैद्यांनी 'दुर्दैवी रंगू' लिहिली ती ग्वाल्हेरचे सरन्यायाधीशपद सोडल्यानंतर, १९१४ मध्ये. त्यापूर्वीच महाभारतावरील त्यांचा चिकित्सक ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला होता. दोघांपैकी कोणीही पेन्शन सुरू झाल्यावर दौत विकत आणलेली नाही.

सवडीची अडचण खरी नव्हेच. अडचण आहे ती भाषेची. तीस वर्षे 'कार्यवाही करण्यात आली', 'प्रकरण निकाली काढण्यात आले' असे लिहिणाऱ्या हातास कर्ता गाळण्याचीच सवय जडते. कोणी केले, का केले, करताना त्याचा हात कापला की नाही, हे टिपणीत येता कामा नये. आणि कादंबरीस तर नेमके तेच हवे असते. ही सवय निरोपसमारंभातील शालीबरोबर घडी करून ठेवता येत नाही. ती मोडावयाची तर नोकरीत असतानाच, दिवसभर मसुदे लिहून शिणलेल्या हाताने, रोज रात्री पानभर खासगी वही लिहावयास हवी. १२९६ च्या अल्लाउद्दिनाच्या स्वारीत किल्ल्यावरील पोत्यांतून धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा आहे. पहिले पोते फोडणाऱ्या माणसाचा चेहरा कसा झाला असेल, ह्यावर एखाद्याने अख्खे प्रकरण लिहिले असते. आमच्या मित्रांच्या हस्तलिखितात काय आहे? 'पोत्यांमध्ये मीठ आढळून आले'!

अंधारीतून उतरताना आम्ही सहज विचारले, '१९९३ च्या भूकंपाच्या वेळी आपण कोठे होता?'

ते किल्लारीस होते. नोकरीचे पहिलेच वर्ष. त्या काळोखात ते आपणहून बोलू लागले. मृतांची यादी करताना एका म्हातारीने नातवाचे नाव त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतले होते. सरकारी कागदात तरी पोराचे नाव चुकू नये, एवढेच तिचे मागणे होते. तिच्या हातात त्याची एक चप्पल होती, ती तिने अखेरपर्यंत खाली ठेवली नाही. महाकोटाचा दरवाजा आला तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते.

'हे आपण लिहिले आहे काय?' आम्ही विचारले.

'छे! ते सगळे तेव्हाच अहवालात गेले,' ते म्हणाले.